जखम पुरती भरू नये म्हणून

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की दुसऱ्या दिवशी पट्टी निघते आणि माणसाला समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसायला लागतं. काचबिंदूच्या ऑपरेशननंतर तसं होत नाही. उलट काही आठवडे आधीपेक्षा अंधुकच दिसतं. मिरजेतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी समुपदेशक आहे. ऑपरेशन ठरलं की पेशंटला आणि घरच्यांना समोर बसवून मी पहिल्यांदा हेच सांगते: गेलेली नजर यानं परत येणार नाही, उरलेली राहावी म्हणून हे करायचं. जतकडच्या एका मावशींच्या मुलानं त्यावर सरळ विचारलं, "मग पैसे कशाला घालायचे?" प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर एका वाक्यात देण्यासारखं नाही.

डोळ्यात बुबुळाच्या मागे स्वच्छ पाणी सतत तयार होत असतं, मिनिटाला साधारण दोन मायक्रोलिटर. हे अश्रूंचं पाणी नव्हे. ते बाहुलीतून पुढे येतं, आणि बुबुळ व पारदर्शक पटल जिथे भेटतात त्या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून झिरपून रक्तात मिसळतं. जाळीतून निचरा कमी झाला की डोळ्यातला दाब वाढतो. पाऱ्याचे १० ते २१ मिलिमीटर साधारण मानतात. मावशींचा तीन प्रकारचे थेंब घालूनही २८ च्या खाली येत नव्हता. काचबिंदूत या दाबामुळे डोळ्यामागच्या नसेचे तंतू मरतात, ते सहसा न दुखता आणि कडेच्या नजरेपासून. म्हणून मावशी तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचत होत्या, पण बाजूनं येणारी मोटारसायकल त्यांना अंगावर येईपर्यंत कळत नव्हती.

थेंब आणि लेझर पुरे पडले नाहीत की ट्रॅबेक्युलेक्टॉमी करतात. आम्ही दवाखान्यात नुसतं 'ट्रॅब' म्हणतो. शेतकरी समोर असला की मी तलावाच्या सांडव्याचं उदाहरण देते: मूळ वाट तुंबली, तर पाणी बेतानं बाहेर काढायला दुसरी वाट करायची. वरच्या पापणीखाली लपणाऱ्या जागी डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचा पातळ पापुद्रा उचलतात. खालच्या जाड थरात तीन-चार मिलिमीटरचं अर्ध्या जाडीचं झाकण कापतात, झाकणाखाली छोटं भोक पाडतात आणि बुबुळानं ते बुजू नये म्हणून त्याचाही कडेचा एक कण काढतात. मग झाकण केसाहून बारीक टाक्यांनी बसवायचं. ते इतकंच घट्ट हवं, की पाणी कडेनं झिरपत राहील. झिरपलेलं पाणी पापुद्र्याखाली साठून एक मऊ फुगवटा होतो आणि तिथून ते शोषलं जातं.

ही झाकणाची युक्ती केंब्रिजच्या जॉन केर्न्स यांनी १९६८ मध्ये मांडली. त्याआधी १९०९ मध्ये मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयाचे प्रमुख रॉबर्ट एलियट यांनी डोळ्याला गोल भोक पाडण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती आणि ती जगभर वापरली गेली. पण त्या भोकावर नुसता पातळ पापुद्राच असे. पाणी जास्त वाहायचं, डोळा नरम पडायचा, जंतू आत जाण्याची भीती असायची. झाकणानं ते पुष्कळ आवरलं.

आता मला सगळ्यांत कळकळीनं सांगायचं ते. बाकी कुठलंही ऑपरेशन झालं की जखम लवकर भरावी म्हणून आपण धडपडतो. इथे जखम पुरती भरली, तर ऑपरेशन वाया जातं. शरीराला हे ठाऊक नसतं. ते आपल्या स्वभावानं भोकावर वण धरतं आणि वाट बुजवतं. म्हणून टेबलावरच मायटोमायसिन नावाचं, मुळात कॅन्सरसाठीचं औषध स्पंजनं दोन-तीन मिनिटं लावून धुऊन काढतात. पुढे कित्येक आठवडे स्टेरॉईडचे थेंब घालायचे असतात. दाब वाढायला लागला, तर डॉक्टर लेझरनं एखादा टाका तोडतात किंवा फुगवट्यातला वण सुईनं मोकळा करतात. दाब फार उतरला, तर त्याचीही काळजी घ्यावी लागते. म्हणजे ऑपरेशन तासाभरात संपतं, पण ते टिकणार की नाही हे पुढच्या दोन-तीन महिन्यांत ठरतं.

नेमकी इथेच माणसं यायची थांबतात. डोळा दुखत नाही, ऊसतोड सुरू होते, सोबतीला कुणी नसतं, एसटीचं भाडं आणि कामाचा खाडा दोन्ही अंगावर पडतं. मी त्यांना दोष देत नाही. म्हणूनच तारखा ठरवताना मी मुलांना, सुनांना बरोबर बसवते आणि कोण कधी मोकळं आहे ते विचारते. हे काम मला ऑपरेशनइतकंच महत्त्वाचं वाटतं.

ट्रॅब बुजलं, तर डोळ्यात बारीक नळी बसवता येते. परदेशी नळ्या महाग असतात. मदुराईच्या ऑरोलॅबनं बनवलेली नळी पुष्कळ स्वस्त आहे, त्यामुळे आमच्याकडच्या कित्येकांना तो पर्याय परवडतो.

ट्रॅबनंतर मावशींचा दाब आता १२ आहे आणि तक्त्यावरची ओळ तीच. मी त्यांना आणि मुलालाही बजावलंय, की फुगवट्याचा पापुद्रा पुढे पातळ होऊ शकतो. दहा वर्षांनीही डोळा लाल झाला, दुखला किंवा चिकट पाणी आलं, तर मेडिकलमधून थेंब आणून वाट पाहायची नाही, त्याच दिवशी यायचं. काचबिंदू घराण्यात चालतो म्हणून त्यांच्या भावांनाही तपासायला बोलावलं. धाकट्याचा दाब २६ निघाला. त्याची नस अजून चांगली आहे. त्याचं थेंबांवर भागतंय.