एका गाण्याचे मूळ घर

वरातीतील बँडवर जुन्या हिंदी चित्रपटांची गाणी आपण सर्वांनी ऐकली आहेत. त्यांपैकीच एक 'ना माँगूँ सोना चाँदी' हे होय. राज कपूर यांच्या 1973 सालच्या 'बॉबी' चित्रपटातील या गाण्यास लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे संगीत आहे. त्याचे ध्रुवपद लक्ष देऊन ऐकावे. शब्द हिंदी असता मध्येच 'घे' हे आपल्या ओळखीचे क्रियापद कानी पडते. हिंदी गाण्यात ते आले कोठून?

ते गोव्याहून आले. तेथे संथ चालीच्या मांडो गीतांमागून जलद लयीची जी गीते म्हणतात, त्यांस दुलपद म्हणतात. 'हांव सायबा पोलतडी वेता' हे असेच एक कोंकणी दुलपद असून त्याच्या रचनेचे श्रेय कार्लोस एउजेनियु फेर्रेरा यांस दिले जाते. पोलतड म्हणजे पलीकडचा तीर. दामूच्या लग्नास निघालेली एक नर्तकी नदीकाठी येते, नावाड्यास पैलतीरी नेण्याची विनवणी करते आणि त्याबद्दल अंगावरील दागिने देऊ करते. ते 'घे' तिच्या तोंडचे आहे! सातपाटी-तारापूरकडील वाचकांस होडी आणि पैलतीर यांचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

सन 1963 च्या 'आमचें नशीब' या कोंकणी चित्रपटात हे गीत आले व पुढे दहा वर्षांनी त्याचे ध्रुवपद हिंदीत गेले. चाल राहिली, 'घे' राहिले. परंतु नदी, नावाडी आणि दामूचे लग्न ही सर्व मागे पडली. मुळात सोने उतराई म्हणून पुढे केले जाते. हिंदीत प्रेमिक सोनेचांदी नकोच म्हणतो. असा अर्थ पालटूनही गाणे गोडच राहिले, हे चालीचे सामर्थ्य होय.

मग यास चोरी म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. गाणे एका मुखातून दुसऱ्या मुखात जाऊनच जगते. आपल्या 1957 च्या कायद्यानेही कवीचा व संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षांपर्यंतच राखला आहे. तदनंतर ते गाणे सर्वांचे होते. परंतु हक्क संपला म्हणून ऋण संपत नाही. मूळ गाण्याचे नाव विसरले, की त्यातील ती नदीकाठची स्त्रीही विसरली जाते.

आपल्या घरीही आजीच्या ओठांवर कोळीगीते, वारली गीते व लग्नातील गाणी आहेत. उद्या त्यांतील एखादी चाल नव्या वाद्यांवर जगभर वाजेल. तेव्हा ती कोणत्या गावची, हे कोण सांगू शकेल? विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटीत आजीजवळ बसा, एक गाणे उतरून घ्या आणि त्याखाली तिचे व गावाचे नाव लिहावयास विसरू नका.