बँकॉकला जायचं ते दोघांनी!

ऑफिसात कुणी 'बँकॉकला चाललोय' म्हटलं, की बाकीचे एकमेकांकडे पाहून गालातल्या गालात हसतात. सोबत बायको आहे असं कळलं, तर 'मग कशाला जाता?' हा प्रश्न ठरलेलाच! या एका हसण्यापायी कितीतरी बायका या शहराच्या वाटेला जात नाहीत. आम्ही दोघं मात्र तीन रात्रींसाठी जाऊन आलो, आणि म्हणूनच हे लिहावंसं वाटलं.

'बँकॉक' हे नाव आपण परकीयांनी रूढ केलेलं. थाई माणूस आपल्या राजधानीला 'क्रुंग थेप' म्हणतो, म्हणजे देवांची नगरी. चक्री घराण्याच्या पहिल्या रामराजानं 1782 मध्ये ती वसवली. तिच्या लांबलचक पूर्ण नावात महानगर, अमर, रत्न, अयोध्या, इतकंच काय, विश्वकर्माही सापडतो.

पहिला दिवस नदीला द्यावा. रस्त्यांवर वाहनांची एवढी गर्दी, की चाओ फ्राया नदीतली प्रवासी बोट हेच खरं सुखाचं वाहन. सापान ताक्सिन स्थानकाशी आकाशरेल्वेतून उतरलं, की खाली धक्का आहेच. बोटीत भिक्खूंसाठी जागा राखलेली असते आणि बायकांनी त्यांना स्पर्श करायचा नाही, एवढं लक्षात ठेवायचं.

राजवाड्याच्या बाहेर एक टापटीप गृहस्थ पुढे आले. म्हणाले, ''आज पूजा आहे, राजवाडा दुपारपर्यंत बंद. तोवर टुकटुकनं दुसरी मंदिरं पाहून या.'' भाडं नाममात्र! ही तिथली जुनी लबाडी. टुकटुक शेवटी रत्नांच्या दुकानापाशी थांबते आणि काचेचे खडे माणकांच्या भावात गळ्यात पडतात. ह्यांनी हसून हात जोडले आणि आम्ही सरळ दारापर्यंत चालत गेलो. दार उघडंच होतं. खांदे आणि पाय झाकलेले मात्र हवेत.

आत पाचूच्या बुद्धाचं मंदिर आहे. नाव पाचूचं असलं तरी मूर्ती हिरव्या जेडची, जेमतेम 66 सेंटिमीटर उंच. ऋतूप्रमाणे वर्षातून तीनदा तिची वस्त्रं बदलतात आणि तो मान राजाचा. पण आमचे पाय खिळले ते भोवतीच्या ओवऱ्यांत. तिथल्या भिंतींवर 178 चित्रांत अख्खं रामायण रंगवलंय! थाई त्याला 'रामकियेन' म्हणतात. राम 'फ्रा राम', सीता 'सिदा', रावण 'थोत्सकान' म्हणजे दशकंठ. आणि हनुमान? तो इथे चक्क प्रेमवीर! सेतू उद्ध्वस्त करायला रावणाची मत्स्यकन्या सुवर्णमच्छा येते, ती त्याच्याच प्रेमात पडते आणि त्यांना मुलगाही होतो. आपल्या वेशीवरच्या मारुतीला हे ऐकून काय वाटेल कोण जाणे!

शेजारीच वाट फो. तिथला पहुडलेला बुद्ध 46 मीटर लांब. एका दृष्टिक्षेपात मावतच नाही. याच आवारात मसाज आहे, ज्या शब्दावर आपल्याकडे डोळे मिचकावले जातात तोच. इथे ते मंदिरानं जपलेलं शास्त्र आहे. शरीरातल्या वाहिन्यांच्या आकृत्या तिसऱ्या रामराजाच्या काळात शिलालेखांत कोरून ठेवल्यात, शिकवणारी शाळा 1955 पासून चालू आहे आणि 2019 मध्ये युनेस्कोनंही थाई मसाजला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. सैल कपडे घालून आम्ही शेजारशेजारच्या गाद्यांवर निजलो. माझ्या टाचा आणि ह्यांची कंबर, दोन्ही मोकळ्या झाल्या! इथे लाजण्यासारखं काय आहे, ते एखाद्या हसणाऱ्यानं सांगावंच.

संध्याकाळी नाव घेऊन पलीकडे 'वाट अरुण'ला गेलो. आपलाच अरुण, पहाटेचा. कळसांवर चिनीमातीच्या तुकड्यांची फुलं जडवलेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही वाटणी केली : सकाळ ह्यांची, दुपार माझी. खरेदीच्या शहरात नवरा-बायकोंनी हा करार करावाच. ह्यांनी वाट त्रैमित निवडलं. तिथला बुद्ध साडेपाच टन सोन्याचा आहे. कित्येक वर्षं तो चुन्याच्या लेपाखाली दडला होता. 1955 मध्ये मूर्ती हलवताना लेप फुटला आणि सोनं चमकलं! माझी दुपार पाहुरतच्या कापडबाजारात गेली. गुरुद्वाराच्या सोनेरी घुमटाखाली हिंदी-पंजाबी कानावर पडते आणि घासाघीस मातृभाषेतल्यासारखी रंगते.

शाकाहारींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भाज्यांतही मासळीचं पाणी असतं. 'मांगसविरत' म्हणावं, हा आपला मांसविरतीच. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत 'जे' लिहिलेल्या गाड्यांवर तर लसूणही नसतो, म्हणजे चातुर्मासवाल्यांचीही सोय! आंबा, चिकट भात आणि नारळाचं दूध हा प्रकार एका बशीत दोघांनी खावा.

शेवटच्या सकाळी एरावन चौकातल्या चतुर्मुख ब्रह्मदेवापाशी गेलो. 1956 मध्ये एका हॉटेलच्या बांधकामातली विघ्नं टळावीत म्हणून त्याची स्थापना झाली. आपल्याकडे ब्रह्मदेवाची देवळं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि इथे मॉलच्या सावलीत झेंडूच्या माळांचे ढीग! नवस फेडणारे पैसे भरून नर्तिकांकडून नाच करवून घेतात.

परतताना विमानतळावर थोडा वेळ हाताशी ठेवा. 2006 मध्ये सुरू झालेल्या या विमानतळाचं नाव सुवर्णभूमी. तिथे देव-दानवांचं भव्य समुद्रमंथन उभं आहे आणि बरेच जण करमुक्त दुकानांच्या नादात ते न पाहताच विमानात बसतात.