त्र्यंबकच्या लॉजला सांख्यिकीचं सॉफ्टवेअर परवडेल का?

त्र्यंबकेश्वरला माझ्या मावसभावाचं बारा खोल्यांचं लॉज आहे. २०२७ च्या सिंहस्थाआधी आणखी आठ खोल्या बांधायचा त्याचा विचार चालू आहे. त्यासाठी कर्ज काढावं लागेल. परवा त्याने विचारलं, "ताई, तुझ्याकडे ते एसपीएसएस आहे ना? माझ्या कॉम्प्युटरवर टाकून दे. कोणत्या महिन्यात किती खोल्या लागतील, ते काढू."

मी नाही म्हटलं. का, ते सांगते. धंदा करणाऱ्या बऱ्याच जणांना हा प्रश्न पडतो.

माझं लायसन्स विद्यार्थ्याचं आहे. अशी लायसन्सं स्वस्त मिळतात, कारण ती शिक्षणापुरतीच दिलेली असतात. धंद्यासाठी वापरलं की करार मोडला. 'क्रॅक' केलेली कॉपी तर त्याहून वाईट. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३-बी नुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली, तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो.

मग विकत घ्यावं का? किंमत विचारताना तीन गोष्टी आधी बघा. लायसन्स वर्षाचं आहे की कायमचं? किती जणांना वापरता येईल? आणि तुम्हाला हवं ते काम त्यात आहे का? एसपीएसएसमध्ये पुढचा अंदाज बांधायची साधनं मूळ पॅकेजवर वेगळी जोडावी लागतात. नुसतं मूळ पॅकेज घेतलं, तर नेमकं तेच हाती लागत नाही.

आता साधा हिशोब करू. समजा, सगळं धरून वर्षाला ६०,००० रुपये खर्च आला आणि एका खोलीमागे रात्रीचे १,००० रुपये सुटतात. म्हणजे अंदाजामुळे वर्षात ६० रात्री जास्त भरल्या, तरच पैसे वसूल. आणि गंमत अशी, की गर्दीच्या दिवशी लॉज तसंही भरलेलंच असतं! फायदा झाला तर रिकाम्या दिवसांतच होणार.

दुसरा पर्याय 'आर'. १९९३ च्या सुमारास न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी ते सुरू केलं. लायसन्सला पैसे नाहीत, धंद्यासाठी वापरायलाही मोकळीक आहे. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प ते शिकायला मदत करतो. पण फुकट म्हणजे बिनखर्चाचं नव्हे. शिकायला ५० तास लागले आणि तुमच्या तासाची किंमत ३०० रुपये धरली, तर १५,००० झाले. फरक इतकाच, की हा खर्च एकदाच होतो.

पण खरी अडचण पैशाची नाहीच. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला केवढी गर्दी लोटते, ते तुम्हाला माहीत असेल. हा सोमवार २०२३ मध्ये (अधिक श्रावणामुळे) ४ सप्टेंबरला आला, २०२४ मध्ये १९ ऑगस्टला आणि २०२५ मध्ये ११ ऑगस्टला. निवृत्तिनाथांची यात्रा पौष वद्य एकादशीला, तीही अशीच सरकते. सॉफ्टवेअर कितीही महाग असो, त्याला फक्त इंग्रजी महिने दिले तर ते ऑगस्ट-सप्टेंबरचा अंदाज चुकवणारच. तिथीचा रकाना आपणच भरून द्यावा लागतो, आणि तो कॅलेंडरवरून फुकट मिळतो.

आणि सिंहस्थ? तो बारा वर्षांनी येतो, मागचा २०१५ मध्ये झाला. म्हणजे भावाच्या हातात फार तर एक आकडा आहे. एका आकड्यावरून कल काढता येत नाही, कुठल्याच सॉफ्टवेअरला.

कारखान्यात रोज गुणवत्तेचे तक्ते काढावे लागत असतील, गिऱ्हाईकच ठरावीक सॉफ्टवेअर मागत असेल किंवा अडल्यावर फोन उचलणारं कोणी हवं असेल, तर विकतचं लायसन्स जरूर घ्या. बारा खोल्यांना ते नको.

भावाला मी इतकंच सांगितलं: मागच्या पाच वर्षांचं रजिस्टर एक्सेलमध्ये उतरव. तारीख, वार, तिथी, भरलेल्या खोल्या आणि जागा नाही म्हणून परत पाठवलेली माणसं. मग सिंहस्थ वगळून बघ, नव्या आठ खोल्यांचा हप्ता साध्या वर्षात निघतो का? निघत नसेल, तर कर्ज काढू नकोस.

परत पाठवलेल्या माणसांची नोंद त्याने कधी ठेवलीच नव्हती. आता सोमवारपासून ठेवतोय.