रहाटपाळणा

कर्णपुऱ्याची यात्रा पाहिलेली नाही असा मनुष्य औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, क्वचितच आढळेल. 17व्या शतकात बिकानेरचा राजा कर्णसिंह मोगलांच्या चाकरीत येथे राहिला. त्याच्याच नावाचा हा पुरा. तेथील तुळजाभवानीच्या देवळाभोवती नवरात्रात यात्रा भरते. आम्हा मुलांचे लक्ष देवीपेक्षा रहाटपाळण्याकडे असे. आईला हे पक्के ठाऊक; म्हणून ओटी भरून झाल्यावाचून ती पाळण्याचे पैसे काढीत नसे.

पाळणेवाला घरच्या मंडळींना कधी शेजारीशेजारी बसू देत नसे. दोघांना खालच्या पाळण्यात बसवून तो चक्र अर्धे फिरवी आणि पुढील दोघांना समोरच्या पाळण्यात घाली. आजी समोर गेली की धाकटी बहीण रडू लागे, आणि हा प्रसंग दरवर्षी ठरलेला. परंतु ह्यात त्या मनुष्याचा हट्ट नव्हता. चक्र हाताने लोटावयाचे. दोन्ही बाजूंचा भार सारखा असला, म्हणजे उतरणारी बाजूच चढणाऱ्या बाजूस उचलते. एकीकडेच भार पडला, तर चक्र चढताना अडते आणि उतरताना हातातून निसटते. विहिरीवरील रहाटाची भरलेली गाडगी एकाच बाजूस असतात, म्हणून तेथे बैल जुंपावा लागतो. येथे दोन माणसांचे हात पुरतात.

आता पोटात येणाऱ्या गोळ्याविषयी. आजी म्हणे, "उंचीला भ्यालास!" वस्तुतः उंचीचा दोष फार थोडा. आपले वजन आपणास जाणवते ते बैठक आपणास खालून रेटते म्हणून. माथ्यावर पाळणा खाली वळू लागतो, बैठक अंगाखालून किंचित निसटते आणि तिचा रेटा उणावतो. समजा, चक्राची त्रिज्या 3 मीटर आहे व एक फेरा 6 सेकंदांत होतो. 30 किलो वजनाच्या मुलास माथ्यावर आपण 20 किलोंचे झालो असे वाटेल, आणि तळाशी 40 किलोंचे. म्हणजे आम्ही वर हलके होत असू, नेमक्या त्याच क्षणी समोरची आजी खाली जड होत असे!

1893 साली शिकागोच्या प्रदर्शनात फेरिस नामक अभियंत्याने 264 फूट उंचीचे चक्र उभारले. त्यास 36 डबे होते व प्रत्येकात 60 माणसे मावत. परंतु त्याचा अखंड फेरा 9 मिनिटांचा. इतक्या मंद गतीत वजनातील फरक शरीरास कळणेच शक्य नव्हते. गती दुप्पट केली की हा परिणाम चौपट होतो. त्यामुळे शिकागोच्या त्या अजस्र चक्रात जे नव्हते, ते कर्णपुऱ्याच्या लाकडी पाळण्यात आम्हास थोडक्या पैशांत मिळे. आता यात्रेत विजेवर फिरणारे उंच पाळणे येतात. त्यांना लोटणाऱ्या हातांची गरज उरलेली नाही. भार मात्र अजूनही समोरासमोर तोलूनच भरावा लागतो.