महू परिसरातील वनश्री : जानापाव व पातालपाणी

इंदूरनजीक महूच्या परिसरात विंध्याचलाच्या वनराजीत आवर्जून पाहावीत अशी दोन स्थळे आहेत. जानापाव डोंगर ही भगवान परशुरामांची जन्मभूमी मानली जाते. चंबळ नदीचा उगमही तेथेच होतो. चोरल नदीवरील पातालपाणी धबधबा पावसाळ्यात विशेष प्रेक्षणीय असतो. तथापि वरच्या डोंगरात पाऊस झाला की धबधब्यापाशी ऊन असतानाही पाणी क्षणार्धात चढते. जुलै २०११ मध्ये येथे पर्यटक वाहून जाऊन मृत्युमुखी पडले. म्हणून आमची सर्व भाविकांना नम्र विनंती आहे की, धबधबा दुरूनच पाहावा, पात्रात उतरू नये आणि मुलांचा हात सोडू नये. सर्वांनी सुखरूप घरी परतणे, हीच सहलीची खरी सांगता होय.