फरशीच्या खाली काय आहे?

घर बांधायला घेतले की पहिली चर्चा होते ती फरशीच्या रंगाची. सारे कुटुंब दुकानात जाऊन चकचकीत टाइल्स निवडते. त्यांच्याखाली काय घालायचे, हे मात्र गवंड्यावर सोडून दिले जाते. आमचे म्हणणे थोडे उलटे आहे. फरशीच्या कामातला पैसा आधी खाली घाला, उरला तर वर घाला.

आपल्या घरांत जमिनीशी संबंध केवळ पायांचा नसतो. जेवण जमिनीवर, मुलांचा अभ्यास जमिनीवर, आणि रात्री निम्मे घर अंथरूण टाकून जमिनीवरच झोपते. रांगते मूल आणि गुडघे आखडलेली आजी यांना आषाढ-श्रावणात फरशीची ओल रोज सोसावी लागते. ओलीत बुरशी धरते आणि ती दम्याच्या माणसाला बाधते. धान्याचे पोते खालून काळे पडते ते वेगळेच. तेव्हा हा प्रश्न शोभेचा नाही.

जमिनीखाली घालायचे थर्माकोलसारखे उष्णतारोधक तक्ते बाजारात मिळतात. युरोपातील थंड देशांत ते घालतातच, कारण तिथे कित्येक महिने घर तापवावे लागते आणि जळणाचा पैसा जमिनीतून निघून जातो. आपला हिशेब वेगळा. वैशाखात पत्रा तापून घराची भट्टी होते, तेव्हा दुपारी आपण कुठे आडवे होतो? उघड्या फरशीवर! खालची जमीन त्या वेळी हवेपेक्षा गार असते व अंगातली उष्णता ओढून घेते. मध्ये तक्ता घातला की हा फुकटचा गारवा आपणच बंद केला. थंडीसाठी चटई, सतरंजी आणि गोधडी हाच आपला उष्णतारोधक थर, आणि तो फाल्गुनात उचलून ठेवता येतो. उन्हाळ्यासाठी खर्च करायचाच तर तो पत्र्याखाली, छताला करावा.

फरशीखाली अडवायची आहे ती ओल. कंदिलाच्या वातीतून रॉकेल चढते, तसे मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी वर चढते. माती जितकी बारीक, तितके पाणी उंच. काळी माती तर पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरची फरशी कधी उचलते, कधी खचते. तरीही पायाच्या खोदाईतली काळी माती जोत्यातच लोटून देण्याची रीत आम्ही अनेक ठिकाणी पाहतो. वाहतुकीचा खर्च वाचतो ना!

जोते बाहेरच्या जमिनीपासून निदान दीड फूट उंच हवे. राष्ट्रीय इमारत संहितेतही किमान 45 सेंटिमीटर सांगितले आहे. आत आधी मुरूम, तोही एकदम न ओतता सहा-सहा इंचांचे थर पाणी मारून धुमसाने ठोकून. त्यावर सहा इंच दगडी सोलिंग. दगड हाताने उभे लावायचे आणि फटींत कच भरायची, माती नव्हे. या मोठ्या पोकळ्यांतून पाण्याला वर चढता येत नाही. सोलिंगवर कचेचा पातळ थर देऊन प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरावा, नाहीतर दगडाच्या टोकांनी तो फाटतो. कागद 250 मायक्रॉनचा घ्यावा. दुकानदार त्याला हजार गेज म्हणतो. जोड सहा इंच एकमेकांवर चढवावेत आणि कडा भिंतीतल्या डीपीसीच्या पट्ट्यापर्यंत वळवून घ्याव्यात. मग चार इंच काँक्रीट. त्यावर शहाबादी, कोबा की टाइल्स, ही ज्याची त्याची ऐपत. मुरमावर थेट शहाबादी बसवली की पहिल्याच पावसाळ्यात सांधे ओले दिसू लागतात.

आम्ही कारकुनी पेशाची माणसे, आकडेमोड केल्याशिवाय राहवत नाही. रमाई आवास योजनेतील गावाकडचे घरकुल 269 चौरस फुटांचे, म्हणजे 25 चौरस मीटर. जोड व कडा धरून कागद लागतो सुमारे 30 चौरस मीटर. त्याचे वजन होते साधारण सात किलो. मुरूम आठ इंच धरला तर ठोकून 180 घनफूट. ठोकताना तो दबतो, म्हणून सव्वादोन ब्रास मागवावा. सात किलो प्लॅस्टिकचा भाव विचारा आणि निवडलेल्या टाइल्सच्या बिलाशेजारी मांडून पाहा.

घरकुलाचे हप्ते कामाच्या टप्प्यांप्रमाणे येतात. फरशी सर्वांत शेवटी, तोवर हात आखडलेला असतो. अशा वेळी टाइल्स पुढच्या वर्षी बसवल्या आणि तोवर घोटलेल्या कोब्यावर राहिले, तरी काही बिघडत नाही. काँक्रीट पडल्यावर त्याच्याखाली कागद मात्र घालता येत नाही.

ज्यांचे घर आधीच उभे आहे त्यांनी एक परीक्षा करावी. दीड फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा फरशीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. एक दिवस-रात्र गेल्यावर खालच्या बाजूला थेंब दिसले तर ओल जमिनीतून येते. वरच्या बाजूला दिसले तर ती हवेतली आहे. तिथे फरशी फोडून काही होणार नाही. खिडकी, पंखा पाहावा आणि ओले कपडे घरात वाळत घालणे टाळावे. ओल जमिनीची असेल तर आधी बाहेर पाहावे. पागोळ्या भिंतीच्या बुडाशी पडतात का? मग पन्हळ लावावी आणि भिंतीलगत दोन फूट रुंद, बाहेर उताराचा सिमेंटचा पट्टा करावा. शहरातल्या वस्त्यांत दर वेळी रस्त्यावर नवा थर चढतो आणि खोली खाली जाते. तिथे जुन्या फरशीवर कागद अंथरून अडीच इंच काँक्रीट टाकता येते; आधी दाराची उंची मोजावी. नक्षीचे मेणकापड अंथरून ओल झाकू नये, खाली बुरशी माजते.

नवे काँक्रीट निदान सात दिवस पाणी मारून ओले ठेवावे. नंतर तीन-चार आठवडे उघडे सुकू द्यावे, मगच टाइल्स. गवंडी घाई करील, त्याला पुढचे काम असते.