जुने गोवे येथील चर्च-वास्तू : मार्गदर्शित पदभ्रमणाच्या क्रमाचा विचार

प्रस्तावना :

मांडवी नदीच्या दक्षिण तीरावरील जुने गोवे हे शहर १५१० मध्ये आफोंसो द आल्बुकर्क याने आदिलशाहीकडून जिंकले. पुढे १५३० पासून ते पूर्वेकडील पोर्तुगीज साम्राज्याची राजधानी होते. येथील चर्च व मठ यांचा १९८६ मध्ये जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. महाविद्यालयीन सहलींत मात्र बहुधा दोनच वास्तू घाईने पाहिल्या जातात. पदभ्रमणाचा क्रम विचारपूर्वक आखल्यास उभ्या वास्तूंबरोबर नाहीशा झालेल्या शहराचेही आकलन कसे होऊ शकते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

नदीकडून प्रवेश :

भ्रमणाचा आरंभ वाहनतळापासून न करता व्हाईसरॉयच्या कमानीपासून करावा. नवा व्हाईसरॉय नदीमार्गे येऊन याच द्वारातून शहरात प्रवेश करीत असे. कमानीवर वास्को द गामाचा पुतळा आहे. तेथून थोड्याच अंतरावर, रोम येथील सेंट पीटर बासिलिकेच्या धर्तीवर थिएटाइन संघाने सतराव्या शतकात बांधलेले सेंट कॅजेटन चर्च लागते. त्याच्या आवारात आदिलशाही राजवाड्याचे मानले जाणारे काळ्या दगडाचे द्वार आहे. शहराचा इतिहास १५१० मध्ये सुरू झाला नाही, हे विद्यार्थ्यांना सांगण्यास ही जागा योग्य होय.

मध्यवर्ती चौक :

से कॅथेड्रलचे बांधकाम १५६२ मध्ये सुरू होऊन मुख्य वास्तू १६१९ मध्ये पूर्ण झाली. तिच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला. त्यामुळे दर्शनी भाग एका बाजूने उणा दिसतो. शेजारच्या सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चची पुनर्बांधणी १६६१ मध्ये झाली. तथापि जुन्या चर्चचे मानुएल शैलीतील प्रवेशद्वार जपण्यात आले. याच चौकात धर्मन्यायपीठाचा, म्हणजे इन्क्विझिशनचा, वाडा होता. १५६० मध्ये स्थापन झालेले हे न्यायपीठ १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. त्याची वास्तू आज नाही. पण मार्गदर्शकाने त्या रिकाम्या जागेजवळ थांबलेच पाहिजे. केवळ शिल्पसौंदर्याचे वर्णन करून हा काळ वगळणे अभ्यासदृष्ट्या अपुरे ठरते.

बॉम जीझस बासिलिका :

१५९४ मध्ये आरंभ होऊन १६०५ मध्ये पवित्रीकरण झालेल्या या वास्तूत संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष आहेत. फ्लॉरेन्सच्या शिल्पकाराने घडविलेल्या संगमरवरी चौथऱ्यावर गोमंतकीय कारागिरांनी घडविलेली चांदीची पेटी ठेवलेली आहे. दोन कलापरंपरांचा हा संयोग आवर्जून दाखवावा. तितकीच महत्त्वाची गोष्ट बाहेरच्या भिंतींची. त्यांचा तांबडा, उघडा जांभा पाहून प्रेक्षक तेच मूळ रूप समजतात. वस्तुतः या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता आणि तो विसाव्या शतकाच्या मध्यास काढण्यात आला. सच्छिद्र जांभ्याला गोव्यातील पावसापासून संरक्षण देणे हेच गिलाव्याचे कार्य होते. म्हणजेच जे प्राचीन भासते ते अर्वाचीन असून वास्तूच्या झिजेला ते कारणीभूत ठरते.

पवित्र टेकडी :

भ्रमणाचा शेवट पश्चिमेकडील टेकडीवर करावा. तेथील सेंट ऑगस्टीन चर्च सतराव्या शतकाच्या प्रारंभी पूर्ण झाले. १८३५ मध्ये धार्मिक संघांवर बंदी आल्यावर मठ ओस पडला, १८४२ मध्ये छत कोसळले आणि १९३१ मध्ये दर्शनी भागासह निम्मा मनोरा ढासळला. त्याची घंटा आज पणजीच्या चर्चमध्ये आहे. साथीच्या रोगांमुळे लोकवस्ती घटली, १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली आणि जुन्या इमारतींचे दगडही तिकडे गेले. वापर थांबला की वास्तू किती लवकर खचते, याचा हा पुरावा होय. जवळच्या रोझारी चर्चसमोरून मांडवीचे पात्र दिसते. आल्बुकर्कने येथूनच लढाईवर लक्ष ठेवले, अशी परंपरा आहे.

समारोप :

सारांश, नदी, चौक, बासिलिका आणि भग्नावशेष या क्रमाने शहराचा उदय, सत्ता, वैभव आणि ऱ्हास पायी चालता चालता उलगडतो. प्रत्येक थांब्यावर ‘येथे काय आहे’ याबरोबरच ‘येथे काय होते आणि ते का उरले नाही’ हा प्रश्न विचारला गेला, तर सहलीला क्षेत्र-अभ्यासाचे स्वरूप येईल. इतिहास, वास्तुकला, भूशास्त्र व भाषा या विभागांच्या प्राध्यापकांनी एकत्रितपणे असे पदभ्रमण आखणे उपयुक्त ठरेल.